बारा काळ्या चकत्या

१

गुरुवारी सकाळी फोन आला तेव्हा काटेवाला एका सराफाच्या दुकानात बिघडलेल्या काट्याचं पोट उघडून बसला होता. फोन त्याच्या बायकोच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा होता.

"तिनं घरी काही आणून ठेवलं होतं का हो? चकत्यांची पेटी वगैरे?"

"ती कामाचा साधा कागद घरी आणत नव्हती, मॅडम. का?"

"एक पेटी नाहीये."

काटेवाल्यानं पेचकस खाली ठेवला. सराफ म्हणाला, "अहो, निघालात कुठं? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"त्यांना सांगा, आज सोनं अंदाजे मिळेल," असं म्हणून त्यानं पिशवी उचलली आणि तो चालता झाला.

त्याच्या बायकोनं त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एकच काम केलं होतं. वजन करायचं. मिठाच्या एका कणाचे पन्नास भाग केले तरी त्यातला एक तोलून दाखवील, असा काटा तिच्या ताब्यात होता. सगळे तिला वजनबाईच म्हणत. तो काटा तपासायला काटेवाला वर्षातून दोनदा जायचा आणि तिथंच दोघांचं जमलं होतं. चार महिन्यांपूर्वी ती गेली. फुप्फुसं आतून कडक होत गेली. शेवटी शेवटी एक जिना म्हणजे तिला डोंगर झाला होता.

तिच्या हातचं शेवटचं काम म्हणजे या चकत्या. शहरातल्या एका बस डेपोनं डिझेलमध्ये एक नवं द्रव्य घालून बघायचं ठरवलं होतं. त्यानं गाडी लिटरमागे जास्त पळते म्हणे. डेपोतले लोक त्याला 'औषध' म्हणत. मॅडमनी डेपोच्या शेडमध्ये भिंतीवर हवा ओढणारा एक छोटा पंप बसवला. त्यात बोटभर रुंदीची पांढरी गोल चकती असायची. शेडमधल्या हवेत जे काही असेल ते तिच्यावर बसायचं. दर पंधरवड्याला चकती बदलायची आणि तोलायची. औषध सुरू होण्याआधी सहा महिने, सुरू झाल्यावर सहा महिने. बारा आणि बारा, अशा चोवीस. पंप नीट चाललाय का हे बघायला वजनबाई रोज संध्याकाळी शेडमध्ये जायची. ती वर्षभर गेली.

प्रयोगशाळेत मॅडम उघड्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"उद्या या दोन्ही पेट्या मोठ्या यंत्रावर पाठवायच्या होत्या. धातू मोजायला. म्हणून कपाट उघडलं, तर एकच पेटी. वजनबाई गेल्यापासून मी हात लावला नव्हता त्याला."

"गेली ती कुठली?"

"औषधाच्या आधीची. कोळशासारख्या काळ्या चकत्या होत्या त्या. ही राहिली ती नंतरची." मॅडमनी झाकण उघडून दाखवलं. चकत्या फिकट राखाडी होत्या, धुतलेल्या पाटीसारख्या.

काटेवाल्यानं पेटीची वरची, खालची बाजू बघितली. वर फक्त 'ख' लिहिलं होतं. तारीख नाही, डेपोचं नाव नाही.

"तारखा मुद्दामच घातल्या नव्हत्या," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या यंत्रावर मोजणाऱ्याला आधीची कुठली नि नंतरची कुठली हे माहीत असलं की नजर फसते. 'क' कुठली नि 'ख' कुठली, ते माझ्याकडे बंद पाकिटात आहे."

कुलूप शाबूत होतं. कडीवर ओरखडाही नव्हता.

"सोमवारी समिती बसणार," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हे औषध नऊच्या नऊ डेपोत घालायचं की नाही, ते ठरणार. आधीच्या चकत्या नसतील तर नंतरच्या चकत्यांवर सापडलेला धातू औषधातून आला, हे मी कशावरून सांगू? समितीच्या चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले..." मॅडम थांबल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई आजारी होत्या. वजनात चूक झाली असेल, म्हणून त्यांनीच पेटी टाकून दिली असेल."

बावीस वर्षांत एक कण इकडचा तिकडे न केलेली बाई आणि मेल्यावर तिच्या नावावर हे लागणार होतं. तेही कायमचं, सरकारी कागदावर.

"कपाटाला किल्ल्या किती?" त्यानं विचारलं.

"दोन. एक माझ्या गळ्यात आहे."

दुसरी कुठं आहे, हे त्याला सांगावं लागलं नाही. ती त्याच्याच घरात होती.

२

तिचा पांढरा डगला बाहेरच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर होता. तो आत कपाटात ठेवायला त्याचा हात धजला नव्हता.

खिशात पुडी होती. वजनबाई कुठलीही लहान वस्तू कागदाच्या पुडीत ठेवायची. गोळ्या, बटणं, त्याचे बारीक स्क्रू, सगळं. तिची घडी ठरलेली होती. पाच मोडी आणि दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली. पुडी फेकली तरी उघडत नसे. ती घडी शिकायचा त्यानं कितीदा तरी प्रयत्न केला होता. "तुमच्या हाताला घाई आहे," असं म्हणून ती हसायची.

दोन रविवारांपूर्वी सकाळी त्यानं डगला उन्हात घातला होता. तेव्हा पुडी खिशात चाचपली होती. टोकं खोचलेली होती आणि आत किल्ली लागत होती. उघडायचं मन झालं नाही, कारण उघडली असती तर पुन्हा तशी बांधणारं कोणी नव्हतं.

आता त्यानं पुडी बाहेर काढली. कागद तोच होता, किल्लीही तीच. पण कागद पाच मोडींचा नव्हता. बसच्या तिकिटासारखा नुसता दोनदा दुमडून ठेवलेला होता.

कोणीतरी तिच्या खिशात हात घातला होता. याच खोलीत, तो घरात असताना.

खुर्चीवर बसून त्यानं आठवायला सुरुवात केली. या दोन आठवड्यांत घरी कोण कोण आलं? औषध विकणाऱ्या कंपनीचा माणूस, ज्याला सगळे औषधवाला म्हणत, तो एका मंगळवारी येऊन गेला. डेपोचे साहेब दोनदा आले. एकदा तिची शेडमधली बॅटरी आणि डबा द्यायला आणि एकदा ते मिळाल्याची सही घ्यायला. आणि तिचा धाकटा भाऊ बापू. तो तर दर रविवारी यायचा.

प्रत्येक वेळी चहा करायला काटेवाला आत गेला होता. प्रत्येक जण दारामागच्या डगल्याजवळ पाच-सात मिनिटं एकटा होता.

तेवढ्यात फोन वाजला. बापूच होता. तो बस कंपनीच्या मुख्य कार्यालयात कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षा बघणारा अधिकारी होता आणि बातमी तिथं पोचली होती.

"दाजी, ऐकलं ते खरं का? ताईच्या चकत्या गेल्या?"

"अर्ध्या गेल्या."

"अरेरे. मी तीनदा त्या शेडची पाहणी केली होती, दाजी. स्वतः. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सोडून द्या. गेलेलं माणूस काही चकत्यांनी परत येत नाही."

"रविवारी ये," काटेवाला म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की एक गोष्ट उघड आहे. किल्ली नेणाऱ्यानं ती परत आणून ठेवली होती. म्हणजे तो या घरात दोनदा आला होता.

औषधवाला एकदाच आला होता. तरी त्याला सोडून चालणार नव्हतं. पेटी गेल्याचा सगळ्यात मोठा फायदा त्याचाच होता.

३

डेपोसाहेब शेडच्या तोंडाशी उभे राहून एका ड्रायव्हरला झापत होते. काटेवाल्याला बघून आवाज खाली आला.

"या मिस्त्री. पेटीचं कळलं. आमच्याकडे शोधायचं असेल तर शोधा. टायरखाली बघा, माझ्या टोपीखालीही बघा."

"शोधायला नाही आलो. एक विचारायचं होतं. औषध घालायला लागल्यावर शेडमधला धूर वाढला की कमी झाला?"

साहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, जणू त्यानं पाणी ओलं असतं का असं विचारलं.

"कमी झाला! अहो, पूर्वी माझा पांढरा शर्ट दुपारी चारपर्यंत राखाडी व्हायचा. औषध सुरू झालं आणि महिन्याभरात बायको मला म्हणते, हल्ली कामावर जाता की आणखी कुठं? आता औषध बंद आहे, साधं डिझेल चालू आहे. बघा की परत." त्यांनी कॉलर पुढे केली. ती काळी झालेली होती.

"म्हणजे औषध चांगलंच म्हणायचं."

"ते मला विचारू नका." साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "डोळ्याला धूर दिसायचा नाही, पण घसा खवखवायचा. हे जो दिवसभर इथं उभा राहतो त्यालाच कळतं. तुमच्या मंडळी इथं उभ्या राहायच्या. मी म्हणायचो, बाई, बाहेर थांबा, आमचा माणूस पंप बघेल. तर म्हणायच्या, तुमचा माणूस बघेल, पण लिहिणार नाही."

काटेवाल्याला हसू आलं आणि लगेच ते गेलंही.

"दुसऱ्यांदा घरी का आलात, साहेब? नुसत्या एका सहीसाठी?"

साहेबांचा चेहरा बदलला. "हे कसलं विचारणं? संशय घेता माझ्यावर?"

"विचारतोय."

"मग ऐका. वरून हुकूम होता. तिची एकही वस्तू डेपोत राहिली नाही, असं लिहून घ्या म्हणून. मला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही."

"वरून म्हणजे कुणाचा?"

"मुख्य कार्यालयाचा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

४

औषधवाला शहरातल्या एका गार खोलीत भेटला. टेबलावर काचेच्या बाटलीत पिवळसर पाणी होतं. तेच ते औषध. काटेवाल्यानं विचारलं नव्हतं तरी त्यानं स्वतःहून बाटली त्याच्या हातात दिली.

"काका, मनापासून वाईट वाटतं मला. पण खरं सांगा, तुमचा माझ्यावर संशय आहे ना?"

"आहे," काटेवाला म्हणाला.

औषधवाला मोठ्यानं हसला. "हे आवडलं. लोक आडून आडून विचारतात."

"औषधानं धूर वाढतो की कमी होतो?"

"कमी! मी विकतो ते ॲव्हरेज, धूर कमी होणं हा वरचा नफा. पांढरा रुमाल घेऊन गाडीच्या मागे उभा राहतो मी, गिऱ्हाइकासमोर. औषधाआधी रुमाल काळा, औषधानंतर जवळजवळ पांढरा. लगेच पटतं."

"आणि डोळ्याला दिसत नाही ते?"

"दिसत नाही त्याचं काय सांगू, काका? कायद्यानं जेवढं मोजायला लावलंय तेवढं मोजतो. वजन. वजनात आम्ही पास आहोत." तो पुढे वाकला. "तुमच्या बायकोनंच तोललंय. तिच्या आकड्यांनीच मी समितीपुढे जाणार आहे. मग मी कशाला तिच्या कपाटाला हात लावू? आणि गेलं ते काय? काळं ते जुनं. जुन्याशी माझा काय संबंध?"

काटेवाला जिना उतरताना त्या माणसावर मनातल्या मनात चिडला होता. गोड बोलणाऱ्याचा त्याला नेहमीच राग यायचा. पण फाटकापाशी येऊन तो थांबला. त्या माणसाचं शेवटचं वाक्य डोक्यात खड्यासारखं टोचत होतं.

तो घरी न जाता पुन्हा प्रयोगशाळेकडे वळला.

५

"आधी काटा बघू," तो मॅडमना म्हणाला. आपल्या पिशवीतली प्रमाण वजनं काढून त्यानं एकेक चिमट्यानं ठेवलं. काटा सरळ होता. मग त्यानं तिची वही मागितली. रोज काम सुरू करण्याआधी ती एक ठरलेलं वजन तोलून आकडा लिहायची. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, अक्षर थरथरत असतानाही, आकडा पहिल्या दिवसाचाच होता.

"ही बाई वजनात चुकली, असं कोणी म्हणालं तर ही वही दाखवा," तो म्हणाला.

"मी कधीच तसं म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, मी काट्यातला माणूस. मला सोपं करून सांगा. काळ्या चकत्या जास्त वाईट की राखाडी?"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "सगळे इथंच फसतात. काळा धूर वाईटच आहे. तो दिसतो, घशात अडकतो, थोडाफार खोकल्यातून पडतो. औषधानं तो बराचसा जळून जातो, म्हणून चकती फिकट दिसते, हलकीही लागते. पण औषधात सीरियम नावाचा धातू असतो. तो जळत नाही. अतिशय बारीक होऊन नळीतून बाहेर येतो. इतका बारीक की काटा त्याची दखल घेत नाही. तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकतो. तिथं गेल्यावर काय करतो, हे अजून नीट कोणाला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच तर मोजायचं."

"म्हणजे दोषी कोण असेल तर ती राखाडी पेटी."

"हो. वजनबाई म्हणायची, मॅडम, या चकत्या हलक्या आहेत आणि मला त्याचीच भीती वाटते."

काटेवाला म्हणाला, "समजा, काळ्या चकत्या परत करायच्या ठरवल्या तर?"

"करता येतील. डेपोत सध्या साधं डिझेलच चालू आहे. पंप लावायचा, सहा महिने थांबायचं. सोमवारपर्यंत नाही होणार, पण होतील."

"आणि राखाडी?"

"त्या नाही होणार. औषध बंद झालंय. त्या बारा गेल्या असत्या तर सगळंच संपलं असतं."

"मग मला सांगा," काटेवाला सावकाश म्हणाला, "चोर कपाटासमोर उभा आहे. दोन पेट्या, वर नुसतं क आणि ख. तारीख नाही. त्याला ठरवायचं आहे की आपल्याला नडणारी पेटी कुठली. औषधवाला असता तर त्यानं राखाडी उचलली असती. तो रुमाल घेऊन फिरतो, फिकट म्हणजे औषधाची हे त्याला झोपेतही कळतं. तुम्ही असता तरी राखाडीच उचलली असती. डेपोसाहेबांनीही. त्यांना तर स्वतःच्या शर्टावरून माहीत आहे. ज्यानं ती शेड औषधाआधी आणि औषधानंतर बघितली, तो काळी पेटी उचलणारच नाही."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे चोराला वाटलं की काळी तीच विषारी."

"हो. चोर हुशार नाही. त्याला पेटी हवी होती, पण त्यानं शेडमध्ये कधी पाऊलच टाकलेलं नाही."

असा माणूस कोण, हे मॅडमनी विचारलं नाही. काटेवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारायचं टाळलं.

६

रविवारी अकराच्या सुमारास बापू आला. नेहमीसारखा दारात चपला काढून, खुर्ची उलटी करून बसला. आईचे गुडघे, घरातली गळकी टाकी, असं काहीबाही बोलला. काटेवाल्यानं चहा ठेवला नाही.

"बापू, एक विचारू? औषध घालायला लागल्यावर शेडमधला धूर वाढला की कमी झाला?"

"वाढला की, दाजी! केवढा तरी. काळाकुट्ट. त्याच धुरानं ताईचा घात केला."

"तू बघितलास?"

"म्हणजे काय. तीनदा पाहणी केली मी. सहीनिशी."

"बापू," काटेवाला म्हणाला, "तू त्या शेडमध्ये एकदाही गेलेला नाहीस."

बापू हसायला गेला, पण ते जमलं नाही. "काहीतरीच काय, दाजी."

"औषधानं धूर कमी झाला. डेपोतल्या मांजरालाही माहीत आहे ते. तुला माहीत नाही. आणि जिला माहीत होतं ती तुला सांगायला राहिली नाही. त्या रविवारी मी आत चहा करत होतो, तू डगल्यातून किल्ली काढलीस. पुढच्या रविवारी परत ठेवलीस. ताईची पुडी तुला बांधता आली नाही. मलाही येत नाही. ती आजारी असताना तू तिला स्कूटरवरून प्रयोगशाळेत सोडायला जायचास. कपाट कुठलं, ते तुला ठाऊक होतं आणि तिथं तुला कोणी अडवत नव्हतं. डेपोसाहेबांना सही घ्यायला पाठवणारं वरचं कार्यालय म्हणजेही तूच."

बापूनं मान खाली घातली.

"चकत्या कुठं आहेत?"

"नाहीत, दाजी."

"म्हणजे?"

"धुतल्या. घरी, नळाखाली, एकेक करून. काळं पाणी निघत होतं. संपेचना. मग कचऱ्यात टाकल्या. हात किती वेळ धुतले मी. अजून वास येतो असं वाटतं." त्यानं हात पुढे केले. त्यांना कसलाही वास नव्हता.

काटेवाला उठला, खिडकीपाशी गेला आणि परत आला. समोर बसलेल्या माणसाला त्यानं लग्नात बोट धरून फिरवलं होतं.

"का?"

"औषध सुरू करताना आणि नंतरही दोनदा कागद लागतो, दाजी. शेड बघितली, कामगारांची छाती तपासली, सगळं ठीक आहे, असा. तो माझ्या सहीनं जातो. त्या दिवसांत माझ्या टेबलावर चाळीस फायली होत्या. सगळेच बसल्या जागी सही करतात. मीही केली. पासष्ट नावं होती. मी एकालाही बघितलं नाही." त्यानं हात मांडीखाली घेतले. "पासष्टावं नाव ताईचं होतं, रोज शेडमध्ये जायची म्हणून. दुसऱ्यांदा सही केली तेव्हा ती खोकायला लागली होती. माझ्या घरी जेवायला बसून खोकायची. आणि मी लिहिलं, छाती निरोगी."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"त्या पेटीनं शेडमधलं विष दिसलं असतं," बापू म्हणाला, "आणि मग सगळ्यांनी विचारलं असतं की निरोगी म्हणून सही कोणाची."

"आता समिती म्हणतेय, पेटी तिनं फेकली. चुकली म्हणून."

"मला माहीत आहे."

"माहीत असून गुरुवारी मला फोन केलास. सोडून द्या म्हणालास."

बापूनं चेहरा हातांत लपवला.

"उद्या दहाला समिती आहे," काटेवाला म्हणाला. "तू सांगणार की मी सांगू?"

"नोकरी जाईल, दाजी. खटला होईल. आईला काय सांगू मी?"

"आई तुझी आहे. तिला काय सांगायचं ते तू ठरव. पण माझी बायको वजनात चुकली असं मी कागदावर लागू देणार नाही. एका चकतीपुरतंही नाही."

बापू गेला तेव्हा त्यानं नीट चपला घातल्या की नाही, हेही काटेवाल्यानं बघितलं नाही. उद्या तो येईल की नाही, याचा त्याला अंदाज नव्हता.

७

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असेपर्यंत बापूचा पत्ता नव्हता. मॅडम सारख्या दाराकडे बघत होत्या. औषधवाला आपल्या बाटलीसह पहिल्या रांगेत बसला होता. चिटणीस वाचायला लागले, "चकत्यांची एक पेटी, संबंधित कर्मचाऱ्याच्या आजारपणामुळे गहाळ..."

"गहाळ नाही," मागून आवाज आला. "मी नेली."

बापू दारातच उभा राहून बोलला. खुर्चीवर बसला नाही. पासष्ट नावांचा कागद त्यानं स्वतः आणला होता. औषधवाल्यानं बाटली टेबलाखाली ठेवली.

मग मॅडमनी वजनबाईची वही पुढे केली. रोजचे आकडे समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्यानं बोट लावून वाचले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "हे वजन मान्य आहे. 'कर्मचाऱ्याच्या आजारपणामुळे' हे शब्द काढून टाका." चिटणिसांनी काढले. काटेवाल्याला तेवढंच हवं होतं. तो उठून बाहेर गेला.

समितीनं ठरवलं की काळ्या चकत्या पुन्हा घेतल्या जाईपर्यंत औषध कुठल्याच डेपोत घालायचं नाही. बापूला कामावरून दूर केलं आणि चौकशी लावली.

राखाडी पेटी मोठ्या यंत्रावरून जाऊन आली. तिच्यावर धातू सापडला. तो आधीपासून शेडमध्ये किती होता, हे काळ्या चकत्यांशिवाय कोणी सांगू शकत नाही. मॅडमच्या प्रयोगशाळेत तोलायला माणूस नव्हता, म्हणून काटेवाला आता आठवड्यातून दोन दिवस तिथं जातो. चकती चिमट्यानं उचलताना श्वास रोखायचा असतो, हे त्याला मॅडमनी शिकवलं. शेडमधल्या पंपाकडे तोच बघतो. डेपोसाहेब त्याला बाहेर थांबायला सांगतात, पण तो आत जातो आणि लिहितो.

दोन चकत्या झाल्या. दहा राहिल्या आहेत.

बापूनं आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि शेडमधल्या चौसष्ट माणसांची छाती अजून कोणीही तपासलेली नाही.